घराचा रोजमेळ

गेल्या चातुर्मासात नंदनवनातील आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. दुपारपासून मी घर आवरत होते. फरशी पुसून झाली होती, दिवाणावर नवी चादर अंथरली होती आणि चार वर्षांच्या मुलाला सतरा वेळा बजावून झाले होते, की आता काही सांडायचे नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. पाहुणे आले, गेले. घराचे कौतुकही करून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई सामायिकासाठी उठल्या, तेव्हा दिवाणाखालून मुंग्यांची काळी रेघ निघालेली त्यांना दिसली. दिवाण सरकवला. भिंतीशी एक टॉवेल बोळा करून दडपलेला होता. त्याखाली साखर घातलेले दूध सांडून वाळले होते आणि त्या चिकट थरात शेकडो मुंग्या अडकून मेल्या होत्या. जिवंत असलेल्या मुंग्या टॉवेलाच्या घड्यांत फिरत होत्या. सासूबाई पुंजणी घेऊन खाली बसल्या. एकेक मुंगी हलकेच बाजूला करून कागदावर घ्यायची आणि अंगणातील तुळशीजवळ नेऊन सोडायची, असे अर्धा-पाऊण तास चालले. माझा आवाज चढला. मुलगा दाराआड उभा होता. तो म्हणाला, "तू रागावशील म्हणून मी झाकून ठेवलं."

सासूबाईंनी वर न पाहताच म्हटले, "अगं, सांडलं तेव्हाच कळलं असतं, तर एका फडक्याचं काम होतं."

बोलणे नातवाला उद्देशून नव्हते, हे मला समजले. माझे घर स्वच्छ दिसत होते, पण ते स्वच्छ नव्हते. मुलाने दूध सांडले, हा त्याच्या वयाचा दोष होता. त्याने ते लपवले, हा माझ्या धाकाचा परिणाम होता. त्या दिवसापासून लहान मुलांच्या घरातील स्वच्छतेचा जो विचार मनात घोळत राहिला आणि त्यातून घरात जे थोडे बदल झाले, ते माझ्यासारख्या भगिनींसमोर ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुनींच्या हातातील झाडणी

आपल्या परंपरेत झाडणी ही हलकी वस्तू नाही. दिगंबर मुनींच्या हाती मोरपिसांची पिच्छी असते. श्वेतांबर साधु-साध्वींजवळ लोकरीच्या दशांचा ओघा, म्हणजे रजोहरण असते. ज्यांनी घरदार आणि धनदौलत सोडली, त्यांनीही ही एक वस्तू जवळ ठेवली. श्रावक-श्राविका सामायिकात चरवळा किंवा पुंजणी वापरतात, तीही याच कारणाने. बसण्यापूर्वी आणि वस्तू ठेवण्यापूर्वी जागा हलक्या हाताने झाडून घ्यावी, म्हणजे तेथे असलेल्या जीवाला इजा होत नाही.

पाच समितींपैकी दोन तर जणू गृहिणीसाठीच सांगितल्या आहेत असे वाटावे. आदान-निक्षेप समिती म्हणजे वस्तू घेताना आणि ठेवताना पाळायचे भान. उत्सर्ग समिती म्हणजे टाकून द्यायचे ते कोठे आणि कसे टाकावे याचे भान. साधूंची व्रते आपल्याला तंतोतंत पाळता येत नाहीत, हे खरे. परंतु वस्तू जपून उचलणे, जागच्या जागी ठेवणे आणि टाकाऊ वस्तूची नीट विल्हेवाट लावणे, या तीन गोष्टी साधल्या तर घर आवरण्याचे मुख्य काम झालेच. यालाच आपण 'जयणा' म्हणतो.

जयणेचा एक व्यावहारिक अर्थ त्या सकाळी मला उमगला. वेळेवर केलेली स्वच्छता पुढची हिंसा टाळते. ओटा रात्री कोरडा ठेवला, तांदळाचा डबा घट्ट लावला, न्हाणीच्या जाळीत अन्नकण अडकू दिले नाहीत, तर झुरळे येत नाहीत. मग ती मारण्याचा प्रश्नही उभा राहत नाही. आळस झाला, की पुढे औषध फवारावे लागते आणि त्या वेळी आपण मनाला काहीतरी समजूत घालतो. मुंग्या आपल्या वाटेवर गंधाची खूण ठेवत जातात आणि मागच्या मुंग्या त्या खुणेवरून येतात. म्हणून मुंग्या सुखरूप दूर झाल्यावर त्यांची वाट साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. गंध गेला की रांग मोडते आणि विषाची गरज पडत नाही.

रोममधील जिना आणि बोर्डीचे अंगण

लहान मूल आणि स्वच्छ घर यांचा झगडा जुना आहे. जगातील एका मोठ्या शिक्षण-प्रयोगाचा उगमही त्यातच आहे. रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका कंपनीने पडक्या चाळी दुरुस्त करून कामकरी कुटुंबांना राहायला दिल्या. आई-बाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिने व नव्याने रंगवलेल्या भिंती खराब करीत. मुलांना एका खोलीत गुंतवून ठेवले तर इमारत तरी नीट राहील, या विचाराने डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याकडे ती मुले सोपवण्यात आली. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे पहिले 'बालगृह' उघडले.

मॉन्टेसरीबाईंनी मुलांना गप्प बसवले नाही. त्यांना काम दिले. मुलांच्या उंचीची टेबले-खुर्च्या केल्या, त्यांच्या हाताला पोचतील अशी कपाटे ठेवली. हात धुणे, पाणी ओतणे, टेबल पुसणे, केर काढणे आणि बटणे लावणे, हेच त्यांच्या अभ्यासक्रमातील आरंभीचे धडे झाले. जी मुले भिंती खराब करीत होती, तीच खोली नीट ठेवू लागली. मोठ्या माणसाला काम संपवायचे असते, मुलाला मात्र काम करायचे असते, हे त्यांनी ओळखले. म्हणूनच पुसलेले टेबल मूल पुन्हा पुसते.

हा विचार मराठी घरांत आणणाऱ्या ताराबाई मोडक यांचा आपल्या विदर्भाशी संबंध आहे. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस होत्या. पुढे १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत सहभागी झाल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. बालवाडीचा दिवस मुलांना घरोघरून गोळा करण्यापासून आणि अंघोळ, नखे, केस या स्वच्छतेपासून सुरू होई. परदेशी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया आणि खडे अशा गावात मिळणाऱ्या वस्तू त्यांनी वापरल्या. बालशिक्षणाला पैशापेक्षा धीर अधिक लागतो, ही त्यांची शिकवण आपल्या घरांनाही लागू पडते.

हातभर माणसाची कामे

आमच्या घरातील पहिला बदल अगदी स्वस्त होता. न्हाणीघराच्या दाराशी मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीवर एक खुंटी ठोकली आणि तिच्यावर त्याचे स्वतःचे फडके टांगले. लांब दांड्याचा फडा त्याला पेलत नव्हता, म्हणून जुन्या फड्याचा दांडा कापून लहान केला. चपला ठेवण्याची जागा दाराशी पट्टी आखून दाखवली. मोठ्यांच्या उंचीवरच्या घरात मुलाने नीटनेटके राहावे, ही अपेक्षाच चुकीची असते. उंच मांडणीवर त्याला काही ठेवता येत नाही, म्हणून तो जमिनीवर टाकतो.

कोणत्या वयाला कोणते काम, याचा अंदाज अनुभवाने येतो. दीड-दोन वर्षांचे मूल वस्तू टोपलीत टाकू शकते. टाकण्यात त्याला आनंदच असतो, फक्त टोपली समोर हवी. तीन वर्षांचे मूल सांडलेले पाणी पुसते, आपली ताटली उचलून ओट्याशी आणते. चार-पाच वर्षांचे मूल मोज्यांच्या जोड्या लावते, रुमालाच्या घड्या घालते, मटार सोलते. सहा-सात वर्षांचे मूल आपले अंथरूण काढते, दप्तर भरते, कुंड्यांना पाणी घालते. ही कामे मुलींना अधिक आणि मुलांना कमी, असा भेद मात्र घरात असू नये. पुढे दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या मुलालाही आपले ताट उचलता आले पाहिजे.

येथे आई-आजीची कसोटी लागते. मुलाने पुसलेली फरशी ओलीच राहते, घडी वाकडी पडते. त्याच्या डोळ्यांदेखत आपण ते पुन्हा करू लागलो, तर आपले काम निरुपयोगी आहे एवढेच तो शिकतो. वाकडी घडी तशीच कपाटात जाऊ द्यावी. पाहुणे कपाट उघडून पाहत नाहीत.

"घर आवर" हा हुकूम लहान मुलाला कळत नाही, कारण त्यात कोठून आरंभ करायचा ते नसते. "लाल ठोकळे आधी डब्यात" हे त्याला कळते. आणि "घाणेरडा कुठला" हा शब्द त्याला फार लवकर कळतो. तो उच्चारू नये. घाण फरशीवर असते, मुलात नसते.

खेळण्यांचे परिमाण

पसारा आवरण्याचा उत्तम उपाय म्हणजे मुळात वस्तू कमी असणे. श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. आपल्याजवळ किती असावे याची सीमा माणसाने स्वतः आखायची असते. आज एका वाढदिवसाला जेवढी खेळणी येतात, तेवढी आपल्या पिढीला साऱ्या बालपणात मिळाली नव्हती. मुलाचे मन मात्र त्यातील दोन-चारांतच रमते. उरलेली पायाखाली येतात.

आम्ही खेळण्यांचे तीन भाग केले. एक भाग बाहेर, दोन माळ्यावर. महिन्याने बदल करतो, तेव्हा जुनीच खेळणी नव्यासारखी वाटतात. नवे खेळणे आले की जुने एक, मोडके नव्हे तर चांगले, कोणाला तरी द्यायचे. ते कोणते, हे मुलानेच ठरवायचे. पहिल्या वेळी तो रडला. तिसऱ्या वेळी त्याने आपली पिवळी गाडी स्वतः पुसून दिली.

दुसरी युक्ती धान्याच्या दुकानातून उचलली. धान्य ओतायचे असेल तेथे आधी ताडपत्री पसरतात, म्हणजे दाणा इकडेतिकडे जात नाही आणि चार कोपरे उचलले की सारे गोळा होते. ठोकळे आणि मणी खेळायचे असतील, तर आधी सतरंजी पसरायची असा आमच्याकडे नियम झाला. खेळ सतरंजीच्या आत. संपला की चार कोपरे, चार हात, आणि सारे पुन्हा डब्यात.

फडताळातील विष

स्वच्छतेच्या हौसेत एक धोका लपलेला असतो, त्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. सुटे मिळणारे फिनाईल किंवा ॲसिड सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. रांगत्या-चालत्या मुलाला बाटली ओळखीची वाटते आणि तो ती तोंडाला लावतो. अशा वस्तू मूळ बाटलीतच, कुलपात आणि उंचावर ठेवाव्यात. मुंग्या-झुरळांसाठीचा विषारी खडू मुलाला पाटीवरचा खडू वाटतो आणि कपड्यांतील डांबराची गोळी पेपरमिंट वाटते. या दोन्ही वस्तू लहान मुलांच्या घरात नसलेल्याच बऱ्या. ब्लीचिंगचे द्रावण आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

मुलाने असे काही पोटात घेतलेच, तर बोटे घालून उलटी करवू नये. ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते आणि फिनाईल किंवा रॉकेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. खेळण्यांतील आणि रिमोटमधील बटणासारख्या चपट्या बॅटरीची विशेष काळजी घ्यावी. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच गंभीर इजा करू शकते. रोजच्या फरशीला साधे पाणी आणि थोडा साबण पुरतो. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने वीस सेकंद हात धुण्याची सवय ही फरशी चकचकीत असण्यापेक्षा मुलाचे अधिक रक्षण करते.

नागपूरचा उन्हाळा, नागपूरचा केर

आपल्या शहराच्या स्वच्छतेला ऋतूंचे वेगळे बंधन आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, दारे-खिडक्या बंद असतात आणि एका वादळी संध्याकाळी घरभर धुळीचा थर बसतो. अशा वेळी कोरड्या कपड्याने झटकले तर धूळ केवळ जागा बदलते. ओल्या, पिळलेल्या फडक्याने टिपावी. कूलरच्या टाकीकडे तर धर्म आणि आरोग्य या दोन्ही दृष्टींनी पाहावे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून, कडा घासून कोरडी केली, तर तेथे जीवोत्पत्तीच होत नाही. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. परंतु गाळणे पिण्याच्या घागरीवर असते आणि कूलर मागच्या बाल्कनीत विसरला जातो.

उत्सर्ग समितीचा नागरी धडा आपल्या दाराशी येणाऱ्या केराच्या गाडीपासून सुरू होतो. नागपूरचा केर जेथे जातो ते भांडेवाडी आपल्याच पूर्व नागपुरात आहे. आपण टाकले ते नाहीसे होत नाही. आपल्या घरापासून काही मैलांवर ते साठते आणि कोणीतरी ते हाताने वेचतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. लहान मुलांचे डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावेत, असेही २०१६ च्या त्या नियमांत होते. वेचणाऱ्या हाताचा विचार करणे हीसुद्धा जयणाच आहे. मूल पाच वर्षांचे झाले, की साल हिरव्या डब्यात आणि कागद निळ्या डब्यात हा खेळ त्याला सहज येतो. संत्र्यांच्या दिवसांत आमच्याकडे हिरवा डबा भरण्याचे काम त्याचेच असते.

दिवसाची शिल्लक

आपली घरे व्यापारी आहेत. इतवारीत दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ जुळवला जातो. आवक, जावक, शिल्लक. फरक दहा रुपयांचा असला तरी तो त्याच दिवशी शोधतात, कारण उद्यावर टाकलेला फरक सापडत नाही. दिवाळीला आपण नव्या वह्यांचे पूजन करतो, त्यापूर्वी सारे घर झाडतो. परंतु वर्षातून एकदा होणारी ही मोठी सफाई रोजच्या रोजमेळाची जागा घेऊ शकत नाही.

चौविहार पाळणाऱ्या घरांना यासाठी एक सोय आपोआपच मिळालेली आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणे होतात आणि स्वयंपाकघर लवकर मिटते. त्यानंतर आणि मुले झोपण्यापूर्वी जो अर्धा तास उरतो, त्यातील पंधरा मिनिटे आम्ही घराच्या रोजमेळाला देतो. प्रत्येकाने आपली वस्तू जागेवर ठेवायची आणि दिवसभरात काय सांडले, मोडले, हरवले ते सांगायचे. सांगणाऱ्याला त्या वेळी कोणीही रागवायचे नाही, हा नियम सासूबाईंनी घातला. त्या म्हणतात, प्रतिक्रमण तरी दुसरे काय आहे? दिवसाकडे वळून पाहायचे आणि चूक झाली ती झाली म्हणायची. पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब यादी माझीच निघाली.

या हिशेबात पुरुषांचेही खाते असले पाहिजे. दुकानातून रात्री नऊला आलेल्या माणसाला आवरलेले घर दिसते. त्यामागचे बारा तास दिसत नाहीत. पसारा दिसला तर मात्र "दिवसभर काय केलं?" हा प्रश्न सहज निघतो. ज्या घरात दोन वर्षांचे मूल आहे, त्या घरात तो प्रश्न कधीच विचारू नये. आमच्याकडे बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी कूलरची टाकी घासण्याचे काम मुलाचे बाबा आणि मुलगा मिळून करतात. दोघेही भिजतात, बाल्कनीत पाणीच पाणी होते. पण टाकी स्वच्छ निघते. वडील फडके हातात घेतात हे मुलाने पाहिले, म्हणजे ते काम आईचेच आहे हा समज त्याच्या मनात रुजत नाही.

आणि ज्या दिवशी काहीच जमत नाही, मूल तापाने फणफणलेले असते किंवा आपलेच अंग मोडून आलेले असते, त्या दिवशी पसारा राहू द्यावा. ओटा कोरडा, पिण्याचे पाणी झाकलेले, औषधे-विषे कुलपात आणि पायवाट मोकळी, एवढ्या चार गोष्टी झाल्या की त्या दिवसाचे घर आवरले. बाकी उद्याच्या वहीत.

परवा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून हाक आली, "आई, दूध सांडलं! मीच सांडलं!" धावत उतरले. मुलगा खुंटीवरचे आपले फडके घेऊन फरशीवर बसला होता आणि दूध पुसण्याऐवजी चारी दिशांना पसरवत होता. सासूबाई शेजारी पाटावर बसून सांगत होत्या, "कडेकडून आत घे, बाळा. मुंगी आहे का बघ आधी." मी दुसरे फडके आणले आणि त्याच्याशेजारी बसले.